एसटीपीतले जिवाणू: विकत आणायचे की सांभाळायचे?

निवळी

सोसायट्यांच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांबद्दल (एसटीपी) इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कल्चर पावडर (जिवाणूंची विकतची भुकटी) कुठली चांगली, महिन्याला किती किलो टाकायची, वास का येतो, फ्लशला पिवळं पाणी का येतं. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढते आहे.

माझं मत आधीच सांगते. मैला खाणारे जिवाणू मैल्याबरोबरच येतात. १९१४ साली मँचेस्टरच्या डेव्हीहल्म केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी बाहेरून काहीच टाकलं नव्हतं. बाटलीतल्या सांडपाण्यात ते हवा सोडत राहिले. सगळा अमोनिया संपायला पहिल्या खेपेला सुमारे पाच आठवडे लागले. मग वरचं पाणी काढून टाकलं, तळाचा गाळ ठेवला आणि त्यावर ताजं सांडपाणी ओतलं. असं करत करत तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. 'ॲक्टिव्हेटेड स्लज' हे नाव त्या ठेवलेल्या गाळाचं आहे. आपल्या इमारतीखालची टाकी आजही त्याच तत्त्वावर चालते: हवा द्या, गाळ बसू द्या, बसलेला गाळ परत आणा, जास्तीचा काढून टाका. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं.

चर्चेसाठी एक उदाहरण धरू. दिवसाला १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर सांडपाणी. बीओडी (मैला पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच पाण्यातल्या अन्नाचं माप) २५० मिग्रॅ/लि. म्हणजे जिवाणूंना रोज २५ किलो अन्न. दीर्घ वायुवीजनाच्या पद्धतीत एक किलो गाळामागे रोज साधारण ०.१ किलो बीओडी धरतात, म्हणून टाकीत २५० किलो गाळ हवा. एमएलएसएस (टाकीतल्या दर लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ) ३५०० ठेवायचं तर टाकी ७१ घनमीटरची. रोज नवा तयार होणारा गाळ कोरड्या वजनात सुमारे १२ ते १३ किलो. तो रोज काढला तर गाळाचं वय (गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो) २० दिवसांच्या आसपास राहतं. परतीच्या गाळात घनपदार्थ ०.८ टक्के असतील तर १२.५ किलो म्हणजे रोज दीड घनमीटर पातळ गाळ फिल्टर प्रेसला (गाळ पिळणाऱ्या यंत्राला) किंवा वाळवणीच्या वाफ्याला गेला पाहिजे.

आपल्या प्रकल्पातून रोज दीड हजार लिटर गाळ बाहेर जातो का? जात नसेल तर तो सेटलरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) वाहून तुमच्या फ्लशच्या टाकीत जातो आहे. तिसरी वाट नाही.

टाकीकाठ

चांगला धागा. हवेचा हिशेब जोडतो.

२५ किलो बीओडीला किलोमागे १.२ किलो ऑक्सिजन धरला तर ३० किलो. अमोनियाचं नायट्रेट करायला दर किलो नायट्रोजनला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो. लिटरमागे ३२ मिग्रॅ नायट्रोजन धरा, रोजचा ३.२ किलो, म्हणजे आणखी साडेचौदा किलो. एकूण ४५. एक घनमीटर हवेत सुमारे ०.२८ किलो ऑक्सिजन असतो आणि जुन्या, थोड्या चोंदलेल्या बारीक बुडबुड्यांच्या डिफ्युजरमधून (टाकीच्या तळाच्या छिद्रांच्या पडद्यातून) त्यातला दहाएक टक्केच पाण्यात उतरतो. भागाकार केला की दिवसाला १६०० घनमीटर हवा, ताशी ६७, तीही चोवीस तास. समतोल टाकी (येणारा मैला आधी साठतो ती) ढवळायची हवा यात धरलेली नाही.

वीजबिल वाचवायला ब्लोअर (हवा पुरवणारं यंत्र) बारा तास चालवायचा ठरवलात तर ताशी १३५ घनमीटरचा ब्लोअर हवा. आहे तोच ब्लोअर निम्मा वेळ चालवणं म्हणजे जिवाणूंना निम्मं उपाशी ठेवणं. अन्नाची उपासमार नव्हे, श्वासाची.

सचिव_बी_विंग

टाकीकाठ, रात्री ११ ते सकाळी ६ ब्लोअर बंद ठेवला तर जिवाणू मरतात का? ऑपरेटर म्हणतो मरतात, एएमसीवाला (देखभालीचा ठेकेदार) म्हणतो काही होत नाही.

टाकीकाठ

मरतात. ३५०० एमएलएसएसच्या टाकीत गाळ ताशी २५ मिग्रॅ/लि.च्या वेगाने ऑक्सिजन खातो. ब्लोअर बंद करताना विरघळलेला ऑक्सिजन २ असेल तर पाच मिनिटांत शून्य.

सूक्ष्मदर्शी

ऑक्सिजन पाच मिनिटांत संपतो हे बरोबर, पण "मरतात" याला माझी हरकत आहे. गाळातले बहुतेक जिवाणू दोन्हीकडचे असतात. ऑक्सिजन नसेल तर नायट्रेटमधला वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. मुद्दाम ६०-९० मिनिटं चालू, ३०-४० मिनिटं बंद अशा पाळ्या लावून नायट्रोजन काढायची पद्धत यावरच उभी आहे, आणि तिने विजेचीही बचत होते.

सात तास सलग बंद ठेवलं की गोष्ट वेगळी. पहिल्या तास-दीड तासात नायट्रेट संपतं, मग सल्फेटवर जगणारे जिवाणू पुढे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुरू होतो. मरतात ते सिलिएट आणि रोटिफर, म्हणजे सुटे जिवाणू खाऊन पाणी नितळ करणारे जीव. शिवाय सकाळी ६ ते ९ मध्ये दिवसाचा सर्वांत मोठा लोंढा येतो आणि तो नेमका दमलेल्या गाळावर पडतो. डिफ्युजरवर सात तास गाळ बसून पडद्याची छिद्रं बुजतात, तो खर्च वेगळा.

म्हणजे ऑपरेटरचा निष्कर्ष बरोबर, कारण थोडं वेगळं.

टाकीकाठ

मान्य. दुरुस्ती योग्य आहे. टायमर लावून छोट्या पाळ्या करायच्या असतील तर डीओ मीटर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) हाताशी हवाच. टाकीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, दोन फूट खोल, सकाळी ९ वाजता मोजा. तिथे २ मिग्रॅ/लि. मिळाला पाहिजे. मीटर हवेत धरून कॅलिब्रेट करताना गावाची उंची लक्षात घ्या. ३० अंशाला समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात ७.६ असतो, पुण्याच्या उंचीवर ७.१ च्या आसपास. मीटर स्वच्छ पाण्यात ९ दाखवत असेल तर मीटरच चुकतोय.

निवळी

आणि मीटर नसेल तरी एक उपकरण प्रत्येकाला परवडतं: एक लिटरचं मोजपात्र. टाकीच्या शेवटच्या टोकाकडून, ब्लोअर चालू असताना नमुना घ्यायचा, उन्हात ठेवायचा नाही, आणि घड्याळ लावून बघायचं. पाचव्या मिनिटाला किती खाली बसलं, तिसाव्या मिनिटाला किती, आणि दोन तासांनी काय झालं. बहुतेक ऑपरेटर तिसाव्या मिनिटाचा आकडा लिहून भांडं ओतून टाकतात. खरी माहिती आधी आणि नंतर असते.

मुळाकाठचा

आमच्याकडे सगळे एकच नियम सांगतात: ३० टक्के गाळ बसला की प्रकल्प उत्तम.

निवळी

तो नियम अर्धवट आहे. एमएलएसएस ३५०० असताना ३५० मिली बसला तर निर्देशांक १००. (३० मिनिटांनंतरचे मिली गुणिले १०००, भागिले एमएलएसएस.) छान, घट्ट गाळ. पण एमएलएसएस १५०० असताना तेच ३५० मिली बसले तर निर्देशांक २३३, म्हणजे गाळ कापसासारखा फुगलेला आहे. भांड्यात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून महिन्यातून दोनदा तरी प्रयोगशाळेतून एमएलएसएस काढून घ्या.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर विरळ करून बघा. अर्धा लिटर गाळ आणि अर्धा लिटर सेटलरचं निवळ पाणी. विरळ केल्यावर झपाट्याने बसला तर टाकीत गाळ नुसता जास्त झालाय, काढा. विरळ करूनही हळूच बसत असेल तर तंतुमय जिवाणू वाढलेत. पहिल्या प्रकारात गाळ काढणं हे औषध आहे. दुसऱ्यात नुसता काढून भागत नाही, तंतू का वाढले ते शोधावं लागतं. पातळ करायला नळाचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्लोरिनने गाळ तुटतो.

सूक्ष्मदर्शी

तंतू वाढण्याची कारणं चार, आणि प्रत्येकाचे तंतू वेगळे. हवा कमी: स्फेरोटिलस, हॅलिस्कोमेनोबॅक्टर. समतोल टाकीत मैला कुजून गंधकाचा वास येतोय: थायोथ्रिक्स. अन्न फार कमी आणि गाळ म्हातारा, त्यात तेलतूप: मायक्रोथ्रिक्स. नायट्रोजन-फॉस्फरस कमी: हे घरगुती मैल्यात जवळपास होत नाही, कारखान्याच्या पाण्यात होतं. बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं १००:५:१ हे प्रमाण आपल्या मैल्यात आपोआप मिळतं. म्हणून सोसायटीच्या टाकीत युरिया-डीएपी टाकायला कुणी सांगितलं तर थांबवा. आधीच जास्त असलेला अमोनिया तुम्ही पैसे देऊन वाढवताय.

साधा १०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो. थेंब ताजा हवा, तासाभराच्या आत बघा. काय दिसलं तर काय समजायचं:

नुसते अमीबा आणि चाबूकवाले फ्लॅजेलेट: गाळ कोवळा आहे किंवा नुकताच धक्का बसलाय. मोकळे पोहणारे सिलिएट भरपूर: सावरतोय. देठावरच्या घंटेसारखे व्हॉर्टिसेला आणि गाळाच्या कणांवर रांगणारे सिलिएट: प्रकल्प उत्तम चाललाय. रोटिफर खूप, कृमीही दिसताहेत: गाळ म्हातारा, काढणी वाढवा. व्हॉर्टिसेलाचे देठ आहेत पण घंटा मिटलेल्या किंवा गळून पडलेल्या: गेल्या काही तासांत हवा बंद होती किंवा काहीतरी विषारी आलं. रात्री ब्लोअर बंद होता का हे सकाळी या देठांवरून ओळखता येतं.

सचिव_बी_विंग

सेटलरमध्ये दुपारनंतर गाळाचे मोठे गोळे वर येतात, फुटबॉलएवढे, तपकिरी, आणि खालचं पाणी मात्र स्वच्छ असतं. एएमसीवाला म्हणतो जिवाणू कमी झाले, पाच किलो कल्चर टाका.

निवळी

जिवाणू कमी नाहीत, उलट नीट काम करताहेत. टाकीत अमोनियाचं नायट्रेट झालं, ते सेटलरच्या तळाला गाळात अडकलं. तिथे हवा नाही, म्हणून जिवाणूंनी नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतला आणि नायट्रोजनचे बुडबुडे सुटले. बुडबुडे गाळ उचलतात. मोजपात्र दोन तास तसंच ठेवून बघा. गाळ आधी सुरेख बसेल आणि तासाभरात अख्खी लादी वर येईल. काठीने हलवली की बुडबुडे सुटून पुन्हा खाली बसेल. तसं झालं तर निदान पक्कं.

उपाय: सेटलरमध्ये गाळ साठू देऊ नका. परतीचा पंप दिवसातून चार वेळा अर्धा तास चालवण्याऐवजी, येणाऱ्या प्रवाहाच्या ७५ ते १०० टक्के या दराने सतत चालवा. नळी चोंदली असेल, एअरलिफ्ट (हवेने गाळ उचलणारा पंप) असेल तर त्याची हवा कमी पडत असेल, आधी ते बघा. सेटलरच्या तळाचा उतार कमी असेल, कोपऱ्यात गाळ चिकटत असेल तर रोज एकदा लांब दांड्याच्या फावडीने वरूनच खरवडा. आणि काढणी वाढवा. कायमचा उपाय म्हणजे एअरेशनच्या (हवेच्या टाकीच्या) आधी बिनहवेची छोटी टाकी करून परतीचा गाळ तिथे आणणं, म्हणजे नायट्रेट तिथेच संपतं.

काळे गोळे, सडका वास आणि खालचं पाणीही गढूळ असेल तर ते नायट्रेटचं नाही. तळाला गाळ कुजलाय. उपाय जवळपास तोच, घाई जास्त.

नवा_भिडू

फेसाबद्दल कुणीतरी लिहा ना. पांढरा आणि तपकिरी दोन्ही येतो.

टाकीकाठ

पांढरा, साबणासारखा, वाऱ्याने उडणारा फेस नव्या प्रकल्पात येतो, किंवा कुणी एकदम खूप गाळ काढला की. जिवाणू कमी आणि डिटर्जंट जास्त. पाण्याचा फवारा मारा, दोन आठवडे गाळ काढू नका, तो आपोआप जातो.

तपकिरी, घट्ट, शिऱ्यासारखा, काठी उभी राहील असा फेस वेगळा. आपल्याकडच्या उबदार पाण्यात बहुधा तो गॉर्डोनिया, नोकार्डिया या जातीच्या जिवाणूंचा असतो. त्यांच्या भिंतीत मेणासारखी आम्लं असतात, पाणी त्यांना धरत नाही, बुडबुड्याला चिकटून ते वर तरंगतात. त्यांना तेल-तूप आवडतं आणि म्हातारा गाळ लागतो. फवारा मारून तो पुन्हा टाकीत बुडवला तर तुम्ही त्यांची पैदास करताय. वरचा थर जाळीने किंवा व्हॅक्यूम टँकरने काढून थेट गाळाबरोबर बाहेर पाठवा. समतोल टाकीत परत सोडू नका. ही चूक सर्रास होते. मग गाळाचं वय २०-२५ दिवसांवरून हळूहळू १० वर आणा. रोजच्या काढणीत एका वेळी १५-२० टक्क्यांहून जास्त वाढ नको, नाहीतर अमोनिया खाणारे धुऊन जातील. ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी टाकी) आठवड्यातून एकदा रिकामा झालाच पाहिजे. सिलिकॉनचं फेसनाशक दोन दिवस फेस झाकतं, बाकी काही करत नाही.

सूक्ष्मदर्शी

तंतू फारच वाढून सेटलर ओसंडत असेल तर शेवटचा उपाय म्हणून क्लोरिन. वरच्याच उदाहरणात २५० किलो गाळ, त्यातला सेंद्रिय भाग ७० टक्के म्हणजे १७५ किलो. दर हजार किलो सेंद्रिय गाळाला रोज ३ किलो क्लोरिन या हिशेबाने अर्धा किलो, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो (क्लोरिनचं द्रावण) सुमारे ५ किलो. ते तीन-चार भागांत, परतीच्या गाळाच्या नळीत, जिथे जोरात मिसळतं तिथे. टाकीत वरून ओतायचं नाही. तंतू गाळाच्या कणाबाहेर डोकावतात म्हणून क्लोरिन त्यांना आधी लागतं, कणाच्या आतले वाचतात. सेटलरचं पाणी दुधाळ झालं की समजा जास्त झालं, लगेच थांबवा. मूळ कारण तसंच राहिलं तर तीन आठवड्यांत तंतू परत येतात.

मुळाकाठचा

मग नवीन प्रकल्प चालू करताना तरी कल्चर लागतं की नाही? शेण टाकतात बरेच जण. आमचा ठेकेदार १०० किलो शेण आणि २० किलो गूळ लिहून देतो.

निवळी

सुरू करायला सर्वांत उत्तम कल्चर म्हणजे शेजारच्या नीट चालणाऱ्या घरगुती सांडपाण्याच्या प्रकल्पातला परतीचा गाळ. ७१ घनमीटरच्या टाकीत सुरुवातीला १००० मिग्रॅ/लि. हवा, म्हणजे ७१ किलो. ८ ग्रॅम/लि.चा परतीचा गाळ १० हजार लिटरच्या एका टँकरमध्ये ८० किलो मिळतो. एक टँकर पुरतो. आणायच्या आधी त्या गाळाचं मोजपात्र बघा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तंतू आणि तपकिरी फेसवाला गाळ आणलात तर रोगच आणलात. टँकरवाल्याने आधी सेप्टिक टँक किंवा रसायन वाहिलं असेल तर टाकी धुऊन घ्या, आणि चार तासांच्या आत ओता, बंद टँकरमध्ये गाळाला हवा मिळत नाही.

टाकी अर्धी मैल्याने भरा, टँकर ओता, एक दिवस नुसती हवा. दुसऱ्या दिवशी पाव प्रवाह घ्या. परतीचा पंप पूर्ण, गाळ काढणी शून्य. सेटलरचं पाणी नितळ राहिलं तर दर तीन-चार दिवसांनी पाव प्रवाह वाढवत जा. तीन-चार आठवड्यांत एमएलएसएस २५०० च्या पुढे जातो, मग काढणी सुरू करा. अमोनिया सर्वांत शेवटी उतरतो, सहाव्या आठवड्यापर्यंतही लागू शकतं. बाहेरचा गाळ न घालताही हे होतं, फक्त दोनेक आठवडे जास्त लागतात.

शेणाचं म्हणाल तर १०० किलो ताज्या शेणात कोरडा भाग वीसेक किलो, त्यातला बराचसा चाऱ्याचा धागा, जो जिवाणूंना सहज पचत नाही. तो टाकीत महिनोन् महिने फिरतो, एमएलएसएस फुगलेला दाखवतो, पंपात अडकतो. शेणातले जिवाणू गाईच्या पोटातले, बिनहवेच्या सवयीचे. गोबर गॅसला उत्तम, इथे नाही. गुळाची गरज तर मुळीच नाही, अन्न मैल्यात आहे.

नवा_भिडू

मग कल्चर पावडरी सरसकट फसव्या?

सूक्ष्मदर्शी

सरसकट तसं म्हणणार नाही. बहुतेक पावडरींत बॅसिलस जातीचे सुप्त बीजाणू असतात, ते जिवंत असतात आणि टाकीत थोडा काळ वाढतातही. पण २५० किलो जिवंत गाळात ५ किलो पावडर, त्यातही बराच भाग कोंडा किंवा भुकटी. तिथल्या रहिवाशांशी स्पर्धा करून टिकायला तिला काही कारण नाही. ग्रीस ट्रॅपमध्ये, जिथे तेलाचे थर आहेत, तिथे लायपेस (तेल पचवणारं विकर) बनवणाऱ्यांचा काही उपयोग दिसू शकतो. कारखान्याच्या एखाद्या खास रसायनासाठी मुद्दाम वाढवलेले जिवाणूही खरे असतात. पण घरगुती एसटीपीत हवा, गाळ काढणी आणि परतीचा पंप हे तीन नीट असताना पावडरीने सुधारणा झाल्याचं दाखवायचं तर दोन सारख्या टाक्या शेजारी चालवून दाखवावं लागेल. एका टाकीत पावडर टाकून "आठ दिवसांत फरक पडला" याला पुरावा म्हणता येत नाही. त्या आठ दिवसांत ठेकेदाराने ब्लोअरचा पट्टाही बदललेला असतो.

टाकीकाठ

अनुमोदन. त्या पैशात डिफ्युजरचे पडदे बदला. साडेतीन मीटर खोल टाकीला ०.३५ बार पाण्याचा दाब, वर नळीचा आणि पडद्याचा ०.०५ ते ०.१. प्रेशर गेज ०.५ च्या पुढे सरकलं तर पडदे चोंदलेत. उलट, दाब कमी झाला आणि एका जागी पाणी उकळल्यासारखं उसळतंय तर तिथला पडदा फाटलाय आणि सगळी हवा तिकडून पळतेय.

सचिव_बी_विंग

बीओडीचा अहवाल ८ येतो, तरी फ्लशच्या पाण्याला वास आणि हायपो कितीही टाकलं तरी क्लोरिन शिल्लक दिसत नाही. हे कसं?

निवळी

अमोनिया तपासा. याच एका आकड्याकडे सोसायट्या बघत नाहीत. अमोनिया असेपर्यंत क्लोरिन त्याच्याशीच बांधलं जातं. मोकळं क्लोरिन दिसायला एक भाग अमोनिया-नायट्रोजनला किमान साडेसात, व्यवहारात ८ ते १० भाग क्लोरिन लागतं. शुद्ध केलेल्या पाण्यात १० मिग्रॅ/लि. अमोनिया उरला असेल तर ८० मिग्रॅ/लि. क्लोरिन. १०० घनमीटरला ८ किलो, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो रोज ८० किलो! अमोनिया संपलेला असेल तर ५ मिग्रॅ/लि.मध्ये भागतं, रोज ५ किलो हायपो.

अमोनिया खाणारे (नायट्रोसोमोनास, आणि त्यांच्या नायट्राइटवर जगणारे नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टर) फार सावकाश वाढतात. बाकीचे काही तासांत दुप्पट होतात, यांना दिवस-दीड दिवस लागतो. म्हणून गाळाचं वय फार कमी केलं की आधी हे जातात. डीओ २ च्या खाली गेला की आधी हे थांबतात. आणि तिसरं कारण सर्वांत दुर्लक्षित: अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद. एक मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन जाळताना ७.१४ मिग्रॅ अल्कलिनिटी खर्च होते. ३२ मिग्रॅ/लि. साठी जवळपास २३०. बोअरचं पाणी वापरणाऱ्या इमारतीत ती सहसा पुरते. फक्त धरणाच्या मऊ पाण्यावर किंवा पावसाळ्यात टाकीत पाणी शिरत असेल तर संपते, पीएच ६.५ च्या खाली घसरतो आणि काम थांबतं.

बाहेर पडणाऱ्या पाण्यात अल्कलिनिटी ८०-१०० शिल्लक राहिली पाहिजे. कमी पडत असेल तर १०० घनमीटरला १०० मिग्रॅ/लि. वाढवायला खायचा सोडा १६.८ किलो किंवा चांगला विरवलेला चुना ७.४ किलो. चुना स्वस्त, पण ढवळून थोडा थोडा द्यावा लागतो, नाहीतर तळाला दगड होतो.

सूक्ष्मदर्शी

इथे बिनहवेच्या टाकीचा फायदा पुन्हा येतो. नायट्रेट मोडताना खर्च झालेल्या अल्कलिनिटीतली निम्मी, ३.५७, परत मिळते आणि नायट्रोजनच्या दर किलोमागे २.८६ किलो ऑक्सिजनही वाचतो. सोडा विकत घेण्याआधी हा हिशेब करा.

मुळाकाठचा

आमचा एमबीबीआर आहे, प्लास्टिकच्या चकत्यांवाला. त्याला हे सगळं लागू?

टाकीकाठ

निम्मं. तिथे जिवाणू चकत्यांवर चिकटून राहतात, म्हणून शुद्ध एमबीबीआरमध्ये गाळ परत आणायची गरज नाही आणि मोजपात्राच्या आकड्याला अर्थ नाही. चकतीच्या आतला तपकिरी थर बघा: पातळ, मऊ, बोटाने पुसता येणारा हवा. काळा आणि जाड असेल तर हवा कमी किंवा अन्न जास्त.

ऑक्सिजनला थरात आत शिरायचं असतं, म्हणून डीओ ३ ते ४ ठेवा. अमोनिया काढायचा असेल तर ४ च्या वर. चकत्यांचा हिशेब विकणाऱ्याकडून लेखी घ्या. दर चौरस मीटरला रोज ३.५ ग्रॅम बीओडी धरला तर २५ किलोला ७१०० चौरस मीटर पृष्ठभाग. एक घनमीटर चकत्यांत ५०० चौरस मीटर *संरक्षित* पृष्ठभाग असेल तर १४ घनमीटर चकत्या, आणि ४० टक्के भरलेली ३६ घनमीटरची टाकी. हे फक्त बीओडीसाठी, अमोनियासाठी पुढे दुसरी टाकी. चकत्यांची बाहेरची बाजू एकमेकींवर घासून साफ होते, ती मोजायची नसते. काही माहितीपत्रकांत तीही मोजलेली असते.

नव्या चकत्या आठवडाभर तरंगतात, पांढऱ्या दिसतात. घाबरू नका, तीन ते पाच आठवड्यांत थर धरतो.

नवा_भिडू

घरातलं फिनाइल, ॲसिड, ब्लीचिंग यांनी जिवाणू मरतात का? सोसायटीने बंदी घालावी का?

सूक्ष्मदर्शी

बादलीभर फिनाइल लाखभर लिटरमध्ये विरळ होतं आणि गाळाला त्याची सवयही होते. एक किलो ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे ३३० ग्रॅम क्लोरिन. ७० घनमीटरमध्ये ते ४.७ मिग्रॅ/लि., आणि टाकीपर्यंत पोचायच्या आधीच मैला त्यातलं बहुतेक खाऊन टाकतो. रोजच्या वापराने प्रकल्प बंद पडत नाही. एकाच वेळी सोडलेल्या गोष्टींची भीती धरा: पोहण्याचा तलाव रिकामा करणं, पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं मिठाचं पाणी, जनरेटरचं काळं तेल, नूतनीकरण करणाऱ्याचा थिनर. यासाठी वेगळी पिंपं ठेवा आणि तलावाचं पाणी एसटीपीच्या नळीला जोडलेलंच नसावं.

विष आलंय की नुसती हवा कमी आहे हे ओळखायची सोपी चाचणी: टाकीतला गाळ बाटलीत घेऊन जोरात हलवा, डीओ मीटर बुडवून तोंड बंद करा, दर मिनिटाला आकडा लिहा. मिनिटाला ०.४ ने उतरला तर ताशी २४, निरोगी. मग दुसऱ्या बाटलीत थोडा ताजा मैला घालून तेच करा. उतरण्याचा वेग वाढला पाहिजे. वाढला नाही, उलट कमी झाला, तर त्या मैल्यात काहीतरी आहे. आवक थांबवा, आणि खाली सांगितलेल्या एका टँकर गाळाचा फोन तेव्हाच करा.

निवळी

"वर सांगितलेल्या" म्हणायचं असेल. :)

आणखी एक, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. वरचं काहीही करायला कुणालाही टाकीत उतरवू नका. समतोल टाकी आणि गाळाची टाकी रिकामी दिसली तरी तळाचा गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा साफ आहे. पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. डिफ्युजर उचलून बाहेर काढता येतील अशा फ्रेमवरच बसवून घ्या. नवीन प्रकल्पाच्या निविदेतच ही अट घाला.

सचिव_बी_विंग

शेवटचा प्रश्न. दिवाळीत आणि मे महिन्यात निम्म्या सदनिका रिकाम्या असतात. तेव्हा गूळ टाकायचा का?

टाकीकाठ

नको. एक किलो गुळात पाऊण किलोच्या आसपास बीओडी असतो, नायट्रोजन जवळपास नाही, आणि नुसत्या साखरेवर तंतूच जास्त माजतात. १२ किलो बीओडीची तूट भरायची तर रोज १६ किलो गूळ जाईल!

अन्न कमी तर तोंडंही कमी करा. सुट्टीच्या आधीच्या दहा दिवसांत काढणी थोडी वाढवून एमएलएसएस ३५०० वरून २५०० वर आणा. सुट्टीत काढणी बंद, परतीचा पंप चालू, ब्लोअर एक तास चालू आणि अर्धा तास बंद. समतोल टाकीत मैला साठवून चोवीस तास सारखा थोडा थोडा सोडत राहा. दोन एअरेशन टाक्या असतील तर एक रिकामी करून धुऊन ठेवा. लोक परतले की दोन आठवडे काढणी न करता गाळ वाढू द्या, आणि पहिल्या आठवड्यात अमोनिया रोज तपासा.

सचिव_बी_विंग

धन्यवाद. उद्या मोजपात्र आणि अमोनियाची टेस्ट किट मागवतो. परतीचा पंप आजच सतत चालू करायला सांगितलाय.

निवळी

दोन तासांनंतरचा आकडाही लिहा. आठवड्याने इथे टाका, मग काढणी किती वाढवायची ते बघू.